मडगावची इगर्ज आणि पुरुमेंताचा बाजार: दोन दिवसांत नीट पाहायचं तर

कोकण रेल्वेनं गोव्याला जाणारी बहुतेक मराठी मंडळी मडगावला उतरतात, स्टेशनाबाहेर टॅक्सी ठरवतात आणि थेट कोलवा नाहीतर बाणावली गाठतात. गावात कुणी शिरत नाही. मीही दोन-तीन वर्षं तेच केलं. मग एका मे महिन्यात गाडी चुकली, एक आख्खा दिवस हातात आला, आणि पवित्र आत्म्याच्या इगर्जीसमोरच्या (इगर्ज म्हणजे चर्च) चौकात मी खारे बांगडे, सोलं आणि मिरच्यांच्या राशींमध्ये जाऊन उभा राहिलो. इगर्जीत मीस, म्हणजे सामुदायिक प्रार्थना चालू, बाहेर पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी चालू. त्या दिवसापासून मडगाव माझ्यासाठी नुसतं स्टेशन राहिलं नाही. हा लेख तुम्हीही तिथे थांबावं म्हणून लिहितोय.

जायचं कधी

उरलेला सगळा बेत तारखेवर बसतो, म्हणून आधी ती ठरवा.

मडगावची इगर्ज पवित्र आत्म्याला वाहिलेली आहे. तिचं फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, पेंतेकोस्त या ख्रिस्ती सणाच्या सुमाराला येतं. ईस्टरच्या रविवारपासून पुढे सात आठवडे मोजले की पेंतेकोस्तचा रविवार सापडतो. ईस्टर दर वर्षी सरकतो, त्यामुळे हा रविवारही १० मे ते १३ जून यांच्यामध्ये कुठेही पडतो. पाऊस तोंडावर आलेला असतो, म्हणूनच या फेस्ताला लोक 'पुरुमेंताचें फेस्त' म्हणतात. पुरुमेंत हा पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आलेला शब्द, अर्थ साठवण, शिधा. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात जिला आगोटीची बेगमी म्हणतात, तीच ही. पाऊस लागला की समुद्र बंद, वाटा चिखलाच्या, शेतात कामाची घाई. त्या तीन-चार महिन्यांचं मीठ-मिरची-मासळी आधीच घरात येऊन पडली पाहिजे. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे सुक्या मासळीची गरज अजून पुरती सरलेली नाही.

जमत असेल तर फेस्ताच्या आठवड्यातच जा. उकाडा जीव घेतो हे खरं, अंगातून घामाच्या धारा लागतात. तरी इगर्ज आणि बाजार यांचं नातं त्या आठवड्यात जसं दिसतं तसं एरवी दिसत नाही. फेरीच्या, म्हणजे जत्रेच्या, दुकानांची जागा दर वर्षी थोडीफार बदलते, म्हणून पोचल्यावर रिक्षावाल्याला किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

मे जमणार नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वार निवडताना एक लक्षात ठेवा: रविवारी इगर्जी भरलेल्या असतात पण बाजार बराचसा बंद असतो. मला शनिवार सगळ्यांत सोयीचा वाटतो. सकाळची मीस मिळते आणि बाजारही चालू असतो. दुपारी साधारण एक ते साडेतीन-चार पुष्कळ दुकानं विश्रांतीसाठी बंद होतात. गोव्याची ही सवय जुनी आहे, तिच्याशी हुज्जत घालू नका, तुम्हीही जेवून आडवे व्हा.

पोचायचं कसं

मुंबईहून येणाऱ्यांनी मांडवी एक्सप्रेस धरावी. सकाळी निघून ती संध्याकाळी मडगावला पोचवते, दिवसभर कोकण खिडकीतून दिसतं. परतीला संध्याकाळी सुटणारी कोकणकन्या. मध्ये दोन मुक्काम ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात, तेव्हा तिकीट काढताना वेळा पुन्हा पाहून घ्या. पणजीहून येत असाल तर कदंबच्या बसनं तासाभराचा प्रवास. कदंबचं स्थानक गावाच्या उत्तर बाजूला आहे आणि इगर्ज तिथून पायी जाण्याजोगी. रेल्वे स्टेशन दुसऱ्या टोकाला, तिथून रिक्षाच करा. रिक्षावाल्याला 'होली स्पिरिट चर्च' किंवा 'ओल्ड मार्केट' सांगितलं तरी कळतं. 'व्हडली इगर्ज खंय?' (मोठं चर्च कुठे?) असं विचारलंत तर वाटेत दोन गोष्टी जास्त ऐकायला मिळतील.

मुक्काम गावातच करा. समुद्रकाठी राहून सकाळी साडेसहाला इथे येणं होत नाही.

पहिली सकाळ: इगर्ज

सकाळच्या मिशीच्या वेळेला पोचा. इगर्जी दिवसभर उघड्या असतीलच असं नाही, मिशीच्या आगेमागे मात्र दार नक्की उघडं मिळतं. मीस संपल्यावर लोक पांगतात, तेव्हा अर्धा-पाऊण तास निवांतपणे पाहायला मिळतो.

आपल्या लोकांना काही गोष्टी ठाऊक नसतात आणि विचारायला संकोच वाटतो, म्हणून स्पष्ट सांगतो. चपला-बूट काढायचे नसतात. पुरुषांनी टोपी काढायची. अर्ध्या चड्ड्या आणि उघडे खांदे नकोत, देवळात जाल तसेच कपडे घाला. मीस चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा. गुडघे टेकायची सक्ती तुमच्यावर नाही. मिशीत फोटो अजिबात नाही. नंतरही आधी कुणालातरी विचारून, फ्लॅश न लावता. वेदीच्या पायऱ्या चढू नका, ती जागा गाभाऱ्यासारखी समजा. लग्न किंवा मयताची मीस असेल तर बाहेर थांबा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. मिशीच्या शेवटाकडे लोक रांगेनं पुढे जातात आणि पाद्री प्रत्येकाला एक पातळ पांढरी चकती देतात. ती प्रसाद म्हणून सर्वांना वाटायची वस्तू नाही. दीक्षित कॅथलिकांसाठी तो ख्रिस्ताच्या देहाचा संस्कार आहे. आमच्यातला एक तरुण मुलगा एकदा भाबडेपणानं त्या रांगेत लागला होता. बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्याचा हात हलकेच धरून त्याला शेजारी बसवून घेतलं आणि मीस संपल्यावर त्याला समजावून सांगितलं. रागाचा शब्द नव्हता. तरी आपण ठाऊक करून गेलेलं बरं. बाकावर बसून राहिलात तर कुणालाही काही वाटत नाही.

आता पाहायचं काय. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच पाहू नका, नुसते बसा. बाहेरच्या उजेडातून आल्यावर सोनेरी काम आधी नुसतं चमकतं, त्यातल्या आकृती सावकाश उलगडतात. मग मुख्य वेदीकडे पाहा. मधोमध मरियामाता आणि तिच्याभोवती प्रेषित. हा पेंतेकोस्तचा प्रसंग. येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी, सगळे एकत्र बसलेले असताना, पवित्र आत्मा अग्नीच्या जिभांच्या रूपानं त्यांच्यावर उतरला आणि ते निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, अशी ती कथा. या इगर्जीचं नाव, तिचं फेस्त आणि बाहेरचा बाजार ही तिन्ही याच एका प्रसंगाशी बांधलेली आहेत. म्हणून इथे वेळ घालवा.

मग बाजूच्या भिंतीवरचा उंच प्रवचनमंच. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा पाद्री तिथे चढून बोलत. त्यावर सोनेरी मुलाम्यात प्रेषितांच्या आकृती कोरल्या आहेत. वर छताचं चुन्यातलं कोरीव काम, बाजूच्या वेद्या. वेली, पानं, फुलं जवळून पाहा. चर्चच्या धर्मसभांनी हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करून घेऊ नयेत असे हुकूम काढले होते आणि ते पुन्हा पुन्हा काढावे लागले. म्हणजे काम त्यांच्याकडे जातच होतं. गोव्यातल्या जुन्या वेद्यांसमोर उभं राहिलं की मला दर वेळी ते अनाम सुतार आणि चितारी आठवतात. आराखडा युरोपातला, पण लाकडावर हात फिरला तो इथला.

बाहेर येऊन दर्शनी बाजू पुन्हा एकदा लांबून पाहा. दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे, त्यांवर घुमट. आत जांभा दगड आणि वरून चुना. साष्टीतल्या, म्हणजे मडगावच्या या तालुक्यातल्या, पावसात चुना टिकत नाही, पुन्हा पुन्हा हात फिरवावाच लागतो. आजची इमारत १६७५ची आहे. पहिली इगर्ज १५६०च्या दशकात उभी राहिली, पुढे हल्ल्यांत आणि जाळपोळीत तिची नासधूस झाली आणि ती पुन्हा उभारली गेली.

या जागेवर आधी काय होतं

साष्टी आणि बारदेश हे प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. साष्टीत धर्मप्रसाराचं काम जेझुइट पंथाच्या पाद्र्यांकडे आलं, बारदेशात फ्रान्सिस्कन पंथाच्या. मडगाव तेव्हा मठग्राम होतं, आणि त्याचं ग्रामदैवत दामोदर. आजची इगर्ज ज्या जागेवर आहे तिथेच दामोदराचं देऊळ होतं, अशी परंपरा इथले हिंदूही सांगतात आणि ख्रिश्चनही. साष्टीतली देवळं पाडली गेली तेव्हा भक्तांनी दामोदराला नदीपलीकडे, पोर्तुगीज हद्दीबाहेर जांबावलीला नेलं.

हे वाचून मनात कालवाकालव होते, व्हायलाच हवी. पण मडगावकरांनी हा इतिहास कसा सांभाळलाय तेही पाहा. शिगम्याला मडगावची माणसं आजही जांबावलीला आपल्या देवाकडे जातात, तिथला गुलालोत्सव गोवाभर प्रसिद्ध आहे. दामोदराला मानणाऱ्यांत ख्रिस्ती घरंही आहेत. म्हणून माझा आग्रह आहे की इगर्ज पाहिलीत तर दुसऱ्या दिवशी जांबावलीला जाच. एकाशिवाय दुसरं अर्धंच कळतं.

चौक आणि जुनी घरं

इगर्जीसमोरच्या मोकळ्या जागेला 'लार्गु द इग्रेज' म्हणतात, म्हणजे इगर्जीचा चौक. आंब्याच्या सावलीत उंच जोत्यावर मोठा खुरीस, म्हणजे क्रूस आहे. चौथऱ्यावर येशूच्या दुःखभोगाच्या खुणा कोरलेल्या आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांना त्या शोधायला लावा.

मग चौकाभोवती एक सावकाश फेरी. इथली घरं मडगावच्या श्रीमंत ख्रिस्ती जमीनदारांची आणि वकील-डॉक्टरांची. दाराबाहेरचा बलकांव, म्हणजे ओसरी, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दगडी सोपे, म्हणजे बाकं, पाहा. संध्याकाळी घरातली माणसं तिथे बसून रस्त्याशी बोलतात. खिडक्यांत काचेऐवजी शिंपले दिसले तर थांबा. चपटे, पारदर्शक शिंपले घासून पातळ करायचे आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक सरकवायचे. काच महाग होती तेव्हा हीच तावदानं. आतून त्यांतला उजेड दुधासारखा दिसतो. आता ही तावदानं बसवणारे हात फार थोडे उरलेत, आणि एक निखळलं की तिथे पत्रा किंवा काच येते. फार वाईट वाटतं.

थोडं पुढे चालत गेलात की 'सात बुर्णझां' घर लागतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉयचे सचिव इनासियु द सिल्वा यांनी बांधलेला हा वाडा. उतरत्या छपरांची सात उंच टोकं होती, आता तीन उरली आहेत. हे राहतं खाजगी घर आहे, रस्त्यावरून पाहायचं, फाटक ढकलायचं नाही.

बाजार

इगर्जीजवळच्या भागाला अजून 'ओल्ड मार्केट' म्हणतात. गावाचा बाजार आधी इथेच भरायचा. मडगावला १७७८ मध्ये 'व्हिला'चा, म्हणजे शहराचा दर्जा मिळाला. १८८८ मध्ये मुरगाव बंदरापासून घाटमाथ्याकडे रेल्वे गेली आणि मडगाव तिच्या वाटेवर आलं. पुढे बाजार दक्षिणेकडे नगरपालिकेच्या इमारतीजवळ सरकला, नाव मात्र जुन्या जागी राहिलं. फेस्ताच्या दिवसांत बेगमीचा बाजार पुन्हा इगर्जीच्या दारी येतो.

एरवीच्या दिवशी ओल्ड मार्केटकडून पायी दक्षिणेला या. वाटेत खाऊन घ्या: पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, गरम बन आणि मिरची. 'न्यू मार्केट' म्हणजे छपराखालच्या अरुंद बोळांची गुंतागुंत. शेजारी गांधी मार्केट. पहिली फेरी नुसती पाहण्यासाठी मारा, पिशवी दुसऱ्या फेरीत उघडा. मराठी सगळ्यांना कळते, पण 'कितें मोल?' आणि शेवटी 'देव बरें करूं' (धन्यवाद) एवढं कोंकणीत बोलाच. घासाघीस माफक ठेवा. डोक्यावरून पाटी आणून जमिनीवर बसलेल्या बाईशी तर नकोच.

घ्यायचं काय आणि पारखायचं कसं, हे मी त्या बायांकडूनच शिकलो.

सोलं, म्हणजे आमसुलं: जांभळट काळी, बोटांत घेतली की मऊ वाकणारी. कडक मोडत असतील तर जुनी. पाण्यानं थबथबलेली असतील तर वजन खारवणीचं, सोलांचं नव्हे.

मिरची: काणकोणच्या डोंगरउतारावरची खोला मिरची मागा. लालभडक रंग, तिखट बेताची. देठ शाबूत हवा, आणि हलवली की आतलं बी वाजलं पाहिजे. रेशाद मसाला घरी करायचा असेल तर हिचा रंग दुसऱ्या कशाला येत नाही.

सुकी मासळी: गालमो म्हणजे बारीक सुकी कोळंबी, ती फिकट गुलाबी आणि कुरकुरीत हवी. नाकाला झोंबणारा वास आला तर पुढे चला. खाऱ्या बांगड्याचं पोट उघडून पाहा, मांस घट्ट असावं. त्यावर लालसर-गुलाबी डाग असतील तर तो बिघडलेला, कितीही स्वस्त असला तरी नको.

माडाचा गूळ काळाभोर आणि किंचित खारट चवीचा असतो. उसाच्या गुळाची सवय असलेल्यांना पहिल्यांदा वेगळा लागतो. पातोळ्यांत किंवा अळवांत घालून पाहा, मग कळेल. माडाच्या सुरेचं व्हिनेगर, मीठ लावून गोळे केलेली चिंच, उकडे तांदूळ, कांद्याच्या माळा, खारातले आंबे ही सगळी पुरुमेंताच्या यादीतली. चोरीस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) खाणाऱ्यांना इथे जपमाळेसारख्या मण्यांच्या माळा मिळतील. फेणी घ्यायची तर महाराष्ट्रात मद्य आणण्याचे परवान्याचे नियम आधी पाहून घ्या.

संध्याकाळी ऊन उतरलं की मोंतीच्या टेकडीवर जा. वर एक छोटं कपेल (प्रार्थनामंदिर) आहे. तिथून माडांच्या शेंड्यांमधून गाव दिसतं, आणि सकाळी चाललेली वाट बोटानं दाखवता येते.

दुसरा दिवस: जांबावली, आणि वाट वाकडी करून राशोल

जांबावली मडगावपासून वीस-बावीस किलोमीटर. सकाळी लवकर निघा, कदंबची बस किंवा रिक्षा-टॅक्सी. देऊळ कुशावती नदीच्या काठी आहे. आधी नदीवर उतरा. तिच्या इथल्या पाण्याला औषधी गुण असल्याची श्रद्धा आहे. मग दामोदराचं दर्शन घ्या आणि सभामंडपात थोडं बसा. काल इगर्जीत बसला होतात तसेच.

परतताना वेळ असेल तर राशोल. मडगावपासून जेमतेम आठ-दहा किलोमीटर. मराठी माणसानं तिथे का जायचं? १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' राशोलला छापलं गेलं. इंग्लंडातून आलेल्या या जेझुइटानं उभं आयुष्य साष्टीत काढलं, आणि मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्याच्या ओव्या आपण शाळेत शिकलो. तो ग्रंथ छापला गेला रोमन लिपीत, पण भाषा आपली. ज्या सत्तेच्या काळात इथली देवळं पडली, त्याच काळात याच मातीवर हे काव्यही लिहिलं गेलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवणं मला अजूनही जड जातं. राशोलची सेमिनरी आजही चालू आहे, तिथे पाद्री घडतात. म्हणून दारावर परवानगी विचारा. नाही म्हणाले तर बाहेरून पाहून या.

कार्तिकात येणार असाल तर मालभाटच्या हरिमंदिराची दिंडी कधी आहे ते विचारून घ्या. शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे, आणि त्या रात्री भर रस्त्यात बैठका रंगतात, नामवंत गायक पहाटेपर्यंत गातात.

निघण्याआधी दुपारी एक काम उरतं, सामान बांधण्याचं. सुकी मासळी आधी वर्तमानपत्रात गुंडाळा, कागद तेल आणि ओल शोषतो. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, तोंड घट्ट बांधून, आणि मग झाकणाचा डबा. सोलं आणि चिंच वेगवेगळ्या बरण्यांत, स्टीलच्या डब्यात नको. मिरच्या कापडी पिशवीत, वर काही न ठेवता. घरी पोचल्यावर पाऊस सुरू व्हायच्या आत एक कडक ऊन मिळालं तर मासळी आणि मिरच्या दोन्ही पुन्हा वाळवून घ्या आणि मगच बरणीत भरा.